एकोणीस आजारांचा निरोगी माणूस

माझ्या इवायांइतका निरोगी माणूस उभ्या झाडीपट्टीत दुसरा झाला नाही, आणि कागदोपत्री त्यांच्याइतका आजारी माणूस साऱ्या विदर्भात शोधून सापडणार नाही. (व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. पुण्याकडच्या वाचकांनी हसू नये. त्यांच्या कित्येक शब्दांना आम्ही हसू येत असतानाही हसलेलो नाही.) हे विधान मी पूर्ण विचारांती करीत आहे, कारण त्यांच्याविषयी आमच्या कारखान्याच्या वसाहतीत जे सांगितले जाते त्यातले बहुतेक असत्य आहे आणि उरलेले अर्धवट. दवाखान्याचा कंपाउंडर सांगतो की शेवटी ते साहेबांच्या पाया पडले. युनियनचे सेक्रेटरी सांगतात की त्यांचे काम युनियनने करून दिले. तरुण मंडळी, आणि त्यांत माझे चिरंजीव म्हणजे इवायांचे जावईही आले, सांगतात की म्हातारा हेकट होता आणि हेकटपणानेच गेला. हेकट होते याविषयी माझा वाद नाही. पण पाया ते कोणाच्याही पडले नाहीत, आणि युनियनने त्यांच्यासाठी कधी चहासुद्धा सांगितला नव्हता. त्या दिवशी त्या खोलीत मी स्वतः हजर होतो. सेक्रेटरी नव्हते.

आमचा कारखाना प्लायवूडचा. नागभीडच्या छोट्या गाडीची शिटी यार्डात ऐकू यायची, आणि गडचिरोलीच्या जंगलातून ट्रक भरभरून लठ्ठे यायचे. मी कचेरीत बडा बाबू होतो. बाहेर जाणारे प्रत्येक पत्र माझ्या हाताखालून जात असे. इवाई यार्डात लठ्ठ्यांचे पारखी होते. लाकडी मोगरीने ते लठ्ठ्याच्या तोंडावर एक ठोका देत, डोळे मिटून घेत, आणि निकाल सांगत: भरीव, पोकळ, किंवा गाभा गेला. त्या निकालावर अपील नव्हते. एका ठेकेदाराने एकदा मोठ्या तोऱ्यात सांगितले की हा साग राजवाड्याला लावण्याच्या लायकीचा आहे. इवायांनी ठोका दिला आणि म्हणाले, "लावा. पन याच्या पोटात अगोदरच कुटुंब राहून राह्यलं." लठ्ठा करवतीखाली घातला तेव्हा आतून आईबापांसह विंचवांचा सगळा संसार बाहेर आला. करवतवाला दोन दिवस कामावर आला नाही. ठेकेदार त्यानंतर इवायांना लांबूनच रामराम घालू लागला आणि इवाई त्याला लांबूनच जय भीम.

अशी विद्या माणसाने यार्डातच ठेवायची असते. इवायांनी ती घरी आणली, बाजारात नेली आणि शेवटी माझ्या घरापर्यंत पोहोचवली. त्यांच्या मुलीसाठी माझ्या मुलाची बोलणी निघाली तेव्हा ते मुलगा पाहायला आले. शिक्षण विचारले नाही, पगार विचारला नाही. मुलाला पाठमोरा उभा केला, दोन खांद्यांच्या मधोमध बोटांच्या गाठींनी तीन ठोके दिले आणि पाठीला कान लावला. माझी पत्नी चहाचे कप घेऊन दारातच थबकली. "गाभा चांगला आहे, इवाईबुवा," ते मला म्हणाले, "वरची साल थोडी नरम वाटते. पन लग्नानंतर सुकते." मी संबंध मोडण्याच्या विचारात होतो; परंतु चिरंजीवांना स्वतःचा गाभा चांगला असल्याचे आयुष्यात प्रथमच कोणीतरी सांगितले होते, त्यामुळे ते हट्टाला पेटले. विहारातल्या त्या लग्नात, वधूवरांच्या गळ्यात हार पडून पुरते झाले नाहीत तोच, इवाई माझ्या नातेवाइकांच्या रांगेतून पारख करीत निघाले. हे इमारती, ते फळ्यांचे. माझे थोरले बंधू, निवृत्त हेडमास्तर, यांना त्यांनी सरळ जळाऊत काढले. बंधूंनी त्यानंतर दोन वर्षे माझ्या घरचे पाणी घेतले नाही. भोपळा ठोकून घेणारे ग्राहक मी पाहिले आहेत. तलावाच्या काठी ताज्या माशाला ठोकून पाहणारा ग्राहक मी एकच पाहिला. मासे विकणारी बाई म्हणाली, "भाऊ, दार नाई ते, आतून कोनी बोलनार नाई." इवाई तिलाही ठोकायला गेले असते, पण तिच्या हातात विळा होता.

प्रकृती म्हणाल तर पोलादी. पहाटे तलावात आंघोळ, मग जवसाच्या चटणीशी चार भाकरी, मग दिवसभर वणवण. निवृत्त झाले तेव्हा त्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते आणि ते दाखवण्यासाठी ते ऊस विकत घेत. ताप त्यांना कधी आलेला मी ऐकला नाही. असा हा माणूस दर सोमवारी सकाळी नऊ वाजता रिकामी बाटली घेऊन कारखान्याच्या दवाखान्यात रांगेत उभा राहत असे, आणि तेही सतत अकरा वर्षे. याचे कारण मला त्यांनी स्वतः सांगितले आहे, त्यामुळे कंपाउंडरच्या तर्काची येथे गरज नाही.

त्या काळी दवाखान्यात बाटली घरूनच न्यावी लागे. कंपाउंडर तीत लाल मिश्रण ओती, कागदाच्या पट्टीला कात्रीने खाचा पाडून ती बाटलीला डकवी, आणि एक खाच म्हणजे एक मात्रा असे बजावी. पडसे असो वा पाठदुखी, रंग तोच आणि खाचाही तेवढ्याच. एकदा इवायांनी पाहिले की त्याच दवाखान्यातून सीलबंद टॉनिकची पेटी कारखान्याच्या जीपमधून साहेबाच्या बंगल्यावर निघाली आहे. त्यांनी ड्रायव्हरला विचारले, साहेब आजारी आहेत काय? ड्रायव्हर म्हणाला, "साहेब नाई, साहेबाचा कुत्रा सुकून राह्यला." त्या दिवशी इवायांच्या डोक्यात जो किडा शिरला तो अखेरपर्यंत निघाला नाही. "इवाईबुवा," ते मला म्हणाले, "हक्क वापरला नाई तं तो कंपनी खाते. कुत्र्याच्या वाट्याचं जाऊ द्या, आपल्या वाट्याचं तं मी सोडनार नाई." तेव्हापासून सोमवार. आता औषध मागायचे म्हणजे आजार सांगायला हवा, आणि तोच तो सांगितला तर कंपाउंडर कुरकुरतो; म्हणून ते दर काही महिन्यांनी नवा आजार घेऊन जात. दमा, धडधड, छातीतली कळ, अपचन, संधिवात. करवतीच्या आवाजात उभ्याने झोपू शकणारा हा माणूस निद्रानाशाचीही बाटली घेऊन आला. डॉक्टर मान वर न करता लिहून देत. मिश्रणाचा एक थेंबही त्यांनी कधी घेतला नाही. सगळे परसातल्या पपईच्या बुंध्याशी ओतले. त्या पपईला जी फळे लागत ती दोन हातांनी उचलावी लागत. दरवर्षी पहिले फळ ते डॉक्टरांना नेऊन देत. "तुमच्याच औषधाचं फळ आहे, डाक्टर," असे म्हणत. डॉक्टरांना वाटे, केवढा हा कृतज्ञ रोगी!

त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या विहीणबाई, मात्र दवाखान्याची पायरी कधी चढल्या नाहीत. कधी कणकण आली, कधी गुडघा धरला, तरी त्या हसून म्हणत, "एका घरातून किती जनं आजारी पडन? आमचा कोटा हेच संपवते." दवाखान्याच्या वहीत त्यांच्या नावाचे पान कोरे होते.

इवाई निवृत्त होऊन चार वर्षे झाली तेव्हा कारखान्यात मालक शेठजींच्या चिरंजीवांचे राज्य सुरू झाले. आल्याआल्या त्यांनी सायक्लोस्टाईल केलेली नोटीस लावली. तोपर्यंत निवृत्त माणसाला आणि त्याच्या बायकोला दवाखाना फुकट होता, आणि मोठे दुखणे निघाले तर नागपूरच्या इस्पितळाचा खर्च कारखाना करी. आता यापुढे ज्याला ही सोय हवी त्याने वर्षाची वर्गणी भरावी. वर्गणी सर्वांना सारखी, मग तो निवृत्त मॅनेजर असो की लठ्ठे वाहणारा हमाल. ज्याच्या नावावर दवाखान्याच्या वहीत जुना आजार असेल त्याला कार्ड मिळणार नाही, आणि त्याला नाही म्हणजे त्याच्या बायकोलाही नाही. अधिकारी वर्गाची वही तपासली जाणार नाही, कारण, नोटिशीत म्हटल्याप्रमाणे, त्यांच्या शब्दावर व्यवस्थापनाचा विश्वास आहे. तिचा मसुदा माझ्या निवृत्तीनंतर झाला होता, हे त्यातल्या क्रियापदांवरूनच कळत होते.

दवाखान्याच्या बाकावर त्या दिवशी जो चमत्कार घडला तो वैद्यकशास्त्राने नोंदवून ठेवावा असा होता. वर्षानुवर्षे त्या बाकावर निवृत्तांची आजारांची चढाओढ चाले. तुझा दमा तर माझा जुना दमा, तुझी शुगर तर माझी बापाकडून आलेली शुगर. नोटीस वाचून झाल्यावर अर्ध्या तासात सगळे ठणठणीत झाले. ज्यांना काठीशिवाय उठता येत नव्हते ते काठी काखेत लपवून घरी गेले. चिडले फक्त इवाई, आणि तेही स्वतःसाठी नव्हे. त्यांना खुपली ती सारखी वर्गणी. फाटकापाशी निवृत्तांची सभा भरली तिथे ते बाकावर चढले. "लठ्ठ्याले गोलाईवर भाव लागते," ते गरजले. "जंगलात न्याय आहे, मंग कारखान्यात काऊन नाई? ज्यानं खांद्यावर लठ्ठे वाहून पाठ मोडली तोही तेवढीच देईन, अन् ज्यानं खुर्चीत बसून कंबर वाढवली तोही तेवढीच? मंग कंबरेची गोलाई मोजा! ज्याचा घेर मोठा त्याची वर्गणी मोठी!" एवढे बोलून थांबले असते तर ते भाषण ठरले असते. पण त्यांनी खिशातून टेप काढला आणि समोर उभे असलेल्या निवृत्त स्टोअर ऑफिसरच्या पोटाला गुंडाळला. आकडा त्यांनी मोठ्याने जाहीर केला. सभा तिथेच संपली.

मी व्यवस्थापनाला अर्ज लिहिला होता. सात परिच्छेदांचा तो अर्ज आजही माझ्यापाशी आहे आणि ज्याला कोणाला सेक्रेटरींचे म्हणणे खरे वाटते त्याने येऊन वाचावा. सर्वांनी त्यावर सह्या केल्या. इवायांनी तो माझ्याकडून वाचवून घेतला आणि विचारले, "यात 'विनम्र' किती डाव आलं?"

मी मोजून सांगितले, "नऊ."

"सात परिच्छेदात नऊ डाव वाकलो आपन," ते म्हणाले. "आता वर पाहाले मान कुठून आनता?"

त्यांनी सही केली नाही. अर्जाला उत्तरही आले नाही, हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. पण टेप गुंडाळण्यालाही उत्तर आले नव्हते, हे त्याच वेळी नमूद केले पाहिजे.

इवायांनी कार्डाचा अर्ज भरला नाही. "भीक नको," म्हणाले. सहा महिने तो विषय तिथेच राहिला, आणि कायमचा राहता तर हे लिहिण्याचे कारणही पडले नसते. पण पोळ्याला माहेरी गेलेली माझी सून परत आली ती रडत. आई भाकरी कोरडी खात नाही, पाण्यात बुडवून खाते आणि तीही मान एका बाजूला वळवून गिळते, असे तिच्या लक्षात आले. पदर बाजूला केला तर गळ्याला लिंबाएवढी गाठ. विहीणबाईंनी ती वर्षभर पदराखाली ठेवली होती. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी पाहिले आणि सांगितले की नागपूरला नेऊन कापून काढा, वेळ लावू नका. सरकारी इस्पितळ होतेच की, असे काही शहाणे म्हणतात. त्यांना सांगतो, छोट्या गाडीने दोनदा नेले, दोनदा नागपूरच्या व्हरांड्यात रात्र काढली आणि दोनदा पुढची तारीख घेऊन परत आणले. विहीणबाई गाडीत मलाच समजावीत होत्या, "जाऊ द्या बाप्पा, गाठच आहे, पळून थोडीच जाते?" इवाई खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी त्या प्रवासात कोणालाही ठोकून पाहिले नाही.

परत आल्यावर त्यांनी कार्डाचा अर्ज भरला, वर्गणीही भरली. आठ दिवसांत नामंजूर होऊन आला. कारण: अर्जदारास वहीप्रमाणे एकोणीस जुने आजार आहेत. मागे यादी जोडली होती. त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि प्रथम खो खो हसले. मग हसणे थांबले. जिच्या गळ्यात गाठ होती तिचे पान कोरे होते. योजनेत बायकांची तपासणी नव्हती, बायका वहीवरूनच कळत. ती कागदावर निरोगी होती आणि निरोगी नवऱ्याच्या कार्डावर नागपूरला जाऊ शकत होती. अडचण एवढीच, की नवरा कागदावर मरायला टेकला होता.

सुनावणीला मी त्यांच्यासोबत गेलो. खोलीत नवे मॅनेजर होते, डॉक्टर होते, आणि अकरा वर्षांच्या वह्या छातीशी धरून कंपाउंडर होता. बाहेर बाकावर विहीणबाई बसल्या होत्या, कारण इवायांना परतताना एकटे येऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती.

मॅनेजर म्हणाले, "आपल्याला एकोणीस आजार आहेत."

"एकही नाई."

"वहीत नोंद आहे."

"नोंद खोटी आहे."

डॉक्टर खुर्चीत ताठ झाले. "म्हणजे मी खोटे लिहिले?"

"तुमी नाई, डाक्टर. मी खोटं सांगितलं, तुमी खरं लिहिलं."

"अकरा वर्षे औषध घेतलेत तुम्ही!"

"घेतलं. पेलो नाई. एक थेंब नाई."

कंपाउंडरला आता राहवेना. "मंग गेलं कुठी?"

"पपईले."

"माझं मिश्रण," कंपाउंडर म्हणाला, "झाडाले?" कोणी त्याच्या मुलीचे लग्न मोडल्यासारखा त्याचा स्वर होता. डॉक्टरांचा प्रश्न याहून हळू आवाजात आला. "आणि ज्या पपया दरवर्षी मी—"

"त्याच," इवाई म्हणाले. "गोड होत्या ना?"

येथे प्रकरण चिघळले. मॅनेजर म्हणाले की ही कंपनीची फसवणूक आहे. डॉक्टर म्हणाले की फसवणूक नव्हेच, हा मनुष्य खरोखर आजारी आहे, मी स्वतः तपासले आहे, आणि एकोणिसापैकी एकही आजार मी सोडणार नाही. त्यांचेही बरोबर होते. इवाई निरोगी ठरले तर डॉक्टर अकरा वर्षे न पाहता लिहीत होते असे ठरत होते. त्यावर इवायांनी पिशवीतून मोगरी काढून टेबलावर ठेवली, सदऱ्याची बटणे उघडली आणि म्हणाले, "ठोका." मॅनेजरनी खुर्ची मागे घेतली. कोणी पुढे येईना, तेव्हा त्यांनी स्वतःच स्वतःच्या छातीवर ठोका दिला. "आइका. हाये का पोकळ?" कंपाउंडर सांगतो की या वेळी ते रडले. रडले नाहीत. मोगरी छातीवर बसली म्हणजे कोणाच्याही डोळ्यांत पाणी येते. त्याने स्वतःवर प्रयोग करून पाहावा.

तिढा सोडवला तो मी. कागद मागितला आणि उभ्या उभ्या लिहिले: "सदर निवृत्त कर्मचाऱ्यास पूर्वी असलेले एकोणीस आजार या दवाखान्याच्या उपचाराने पूर्णपणे बरे झाले असून त्यांपैकी कोणताही आजार त्यांस आता नाही." डॉक्टरांचा चेहरा उजळला. कंपाउंडरच्या मिश्रणाला अकरा वर्षांनी न्याय मिळाला. मॅनेजरनी दोनदा वाचले आणि म्हणाले, कंपनीला हमी हवी. उद्या हेच आजार पुन्हा निघाले तर? मी आणखी एक ओळ घातली: "तसेच यांपैकी कोणत्याही आजारासाठी ते यापुढे उपचार मागणार नाहीत, आणि तसे आढळल्यास हा कागद असत्य समजून कार्ड रद्द व्हावे." सर्वांचे समाधान झाले. एकट्या इवायांचे झाले नाही.

"हे खोटं आहे, इवाईबुवा," ते म्हणाले. "याच्या लाल पान्यानं मी बरा झालो? मी आजारीच नव्हतो!"

अकरा वर्षे दर सोमवारी खोटे बोललेल्या माणसाने एका ओळीसाठी एवढे अडून बसावे, याचा मला संताप आला. मी काही बोलणार तोच दारातून बाहेरचे बाक दिसले. शिपायाने विहीणबाईंना पाणी दिले होते. त्यांनी मान वळवली, एका हाताने गळा धरला, आणि एक घोट गिळायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढा वेळ आम्ही पाचही जण तिकडेच पाहत होतो. इवायांनी पेन मागितले. घेताना ते हातातून निसटले, खाली पडले, आणि उचलण्यासाठी ते वाकले. कंपाउंडरने पाहिले ते पाया पडणे एवढेच. पेन मॅनेजरसाहेबांच्या बुटाजवळ पडले होते यात इवायांचा दोष नाही. मग त्यांनी कागद टेबलावर न ठेवता भिंतीला लावला आणि उभ्याने, ताठ मानेने सही केली.

गाठ नागपूरला निघाली. वाईट नव्हती, पण दर सहा महिन्यांनी दाखवायला या, म्हणाले. विहीणबाई आता कोरडी भाकरी खातात. इवाई त्यानंतर दवाखान्याकडे फिरकले नाहीत. सोमवारी नऊ वाजता ते ओसरीवर बसून राहत आणि रस्त्याने बाटल्या घेऊन जाणाऱ्यांकडे पाहत.

दोन वर्षांनी हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. सकाळी तलावावर निघालो तर अर्ध्या वाटेत ते दगडावर बसले. श्वास ऐकू येत होता. ओठ निळसर दिसले. मी म्हणालो, हा दमा आहे, चला डॉक्टरांकडे.

"सहाव्या नंबरवर आहे," ते म्हणाले.

"काय?"

"दमा. लिष्टीत सहावा. छातीतली कळ अकरावी." त्यांनी थोडा श्वास घेतला. "लिष्टीच्या बाहेरचं काही झालं तं जाईन ना. पन काही सोडलंच नाई बावा मी."

मी म्हणालो, ब्रह्मपुरीला चला, खाजगी दाखवू, खर्च माझा. ते म्हणाले, तो चिठ्ठी लिहीन, चिठ्ठी कुठीतरी फिरन, अन् तिचं कार्ड जाईन. तिची तपासणी अजून दोन डाव राह्यली. मी चिडलो. त्या ओळीचा अर्थ तसा होत नाही, असे मी त्यांना समजावू लागलो. बाहेर स्वतःच्या खर्चाने घेतलेला उपचार म्हणजे कंपनीकडे मागितलेला उपचार नव्हे, मी लिहिले आहे, मला ठाऊक आहे. ते माझ्याकडे पाहून हसले. माझ्या कोणत्याही लिखाणाविषयी त्यांनी आयुष्यात एकदाच चांगले उद्गार काढले, ते त्या दगडावर बसून. "नाई इवाईबुवा," ते म्हणाले, "तुमचा मसुदा पक्का असते."

मी त्यांना ओढून न्यायला हवे होते. माझा मुलगा तसे म्हणतो, आणि या एका बाबतीत मी त्याच्याशी वाद घालत नाही.

ते माघात गेले, पहाटे, आंघोळीला निघण्याच्या वेळी. दाखला लिहायला तेच डॉक्टर आले. नाडी पाहिली, इवायांचे डोळे झाकले, आणि मग कितीतरी वेळ ते खाटेपाशी नुसतेच उभे राहिले. आतून विहीणबाईंचा आवाज येत होता. घोगरा, पण मोकळा. कार्डधारक गेला तरी बायकोचे कार्ड चालू राहते, कागद खोटा ठरला नाही तर, हे डॉक्टरांनाही ठाऊक होते आणि मलाही. खिशातून पेन काढून त्यांनी मृत्यूच्या कारणापुढे 'वार्धक्य' असे लिहिले आणि कागद माझ्यापुढे केला. मी तो दोनदा वाचला आणि बरोबर आहे म्हणून सांगितले. इवायांचे वय तेव्हा चौसष्ट होते. मी त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठा आहे.